फोटो म्हणजे उजेड

कसबा बावड्यात मेन रोडला 'नूर फोटो स्टुडिओ' आहे. मालकाचं नाव फक्रुद्दीन नदाफ. बावड्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं फक्रुभाईंच्या फोटोवर जमली आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी भिंतीवर हार घातलेले जे फोटो आहेत, तेही त्यांच्याच हातचे. म्हणजे संसाराची सुरुवात आणि शेवट दोन्ही त्यांच्या ताब्यात. मधला काळ लोकांना आपापल्या जबाबदारीवर काढावा लागतो.

मी अंबादास. इथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. फक्रुभाईंच्या डोक्यात ग्रीक भाषेचं खूळ घालणारा इसम मीच. याचा मला पश्चात्ताप होत नाही, पण त्रास मात्र भरपूर होतो.

झालं असं, की निरोप समारंभाच्या फ्लेक्ससाठी माझा फोटो हवा होता. मी स्टुडिओत स्टुलावर बसलो. फक्रुभाई छत्रीचा दिवा सरकवत म्हणाले, "सर, हनुवटी वर घ्या. तोंडावर उजेड घ्या की जरा."

मास्तरकीची खोड निवृत्तीच्या दिवशीही सुटत नाही. मी म्हणालो, "फक्रुभाई, फोटो या शब्दाचा अर्थच तुम्ही सांगितलात. फोटो म्हणजे उजेड."

आणि मग सगळा तासच घेतला. शास्त्रज्ञांना नवा शब्द लागला की ते जुन्या ग्रीकांच्या दारात जातात, शेजारणीकडं विरजण मागायला जावं तसे. ग्रीक भाषेत 'फोस' म्हणजे उजेड आणि 'फोटोस' म्हणजे उजेडाचा. 'ग्राफ' म्हणजे लिहिणं, रेखाटणं. फोटोग्राफ म्हणजे उजेडानं रेखाटलेलं चित्र. पुढं लोकांच्या तोंडात एवढा शब्द मावेना, म्हणून शेपूट तोडून नुसतं डोकं ठेवलं. झाडाचं पान उन्हावर अन्न तयार करतं, त्या क्रियेला फोटोसिंथेसिस म्हणतात, त्यातलाही फोटो हाच. उजेडाच्या कणाला फोटॉन म्हणतात, तोही याच घराण्यातला. तेव्हा 'माझा फोटो काढा' म्हणणारा माणूस खरं तर 'माझा उजेड काढा' म्हणत असतो.

फक्रुभाईंनी दिवा बंद केला, पावती फाडली आणि उद्या या म्हणाले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या आठवड्यात फोटोच्या जादा प्रती घ्यायला गेलो, तर दुकानात गडमुडशिंगीचं एक पावणं स्टुलावर बसलेलं आणि फक्रुभाई कॅमेऱ्याआडून सांगतायत, "पावणं, फोटो म्हंजे काय ठावं हाय का? चित्र न्हवं. उजेड! ग्रीकवाल्यांचा शबुद हाय. आमच्या वस्तादांनी सांगितलेलं." ज्यांच्या हाताखाली फक्रुभाई फोटो काढायला शिकले, त्या वस्तादांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली असतील. मी तिथंच उभा होतो. माझ्याकडं बघून फक्रुभाई म्हणाले, "सर, तुमाला बी ठावं नसंल बघा हे."

तेव्हापासून हे व्याख्यान स्टुडिओत पासपोर्ट साइजच्या आठ प्रतींबरोबर मोफत मिळतं. वर्षागणिक त्यात भर पडत गेली. त्यांच्या वडलांनी दुकानाला 'नूर' नाव दिलं होतं, नूर म्हणजेही उजेड, तेव्हा "बापाला ग्रीक येत न्हवतं, पर अक्कल बगा" असा एक उपविभाग तयार झाला. मराठीत याला छायाचित्र म्हणतात, हे एकदा माझ्याच तोंडून निसटलं. मग काय विचारता! "तुमी मराठीवाले उलट्या खोपडीचे. ग्रीकवाले म्हंत्यात उजेड, तुमी म्हंता सावली. काढायचं काय मग आमी, कप्पाळ?" मी मराठीचा मास्तर नव्हतो, तरी मराठीच्या वतीनं ऐकून घेतलं.

आता या उजेडवाल्याचा धंदा कशावर चालला, ते ऐका. उजेडाच्या नव्हे, पेन्सिलीच्या जोरावर. रोलच्या जमान्यात निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवून टोकदार शिसपेन्सिलीनं तिच्यावर बारीक काम करायचे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथं जेवढं काळं करावं, तेवढं छापताना पांढरं येतं. काळ्या पेन्सिलीनं माणूस गोरा करायची ही विद्या अख्ख्या बावड्यात एकट्या फक्रुभाईंकडं होती. मुलीचा स्थळाला पाठवायचा फोटो म्हटलं की उचगावपासून लोक इथं यायचे. कॉम्प्युटर आल्यावर पेन्सिल गेली आणि माऊस आला. विद्या तीच राहिली. गिऱ्हाइकांची भाषाही तीच आहे. गेल्याच वर्षी शेजारच्या अक्का भाचीला, सईला, घेऊन आल्या होत्या. सई इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरीला आहे, आणि छान सावळी आहे. अक्का काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "चाचा, तोंडावर जरा उजेड टाका."

सई म्हणाली, "मावशी, तो मला भेटायला येणारच आहे ना? मग त्याला दिसेलच की."

"येऊ दे की," अक्का म्हणाल्या, "आधी येऊ तर दे."

फक्रुभाईंनी उजेड टाकला. त्यांच्या भाषेत गोरं करणं हा शब्दच नाही. ते उजेड टाकतात. मी दिलेल्या ग्रीक शब्दानं त्यांच्या जुन्या धंद्याला एक शास्त्रीय आधार मिळाला, एवढाच काय तो माझ्या शिकवण्याचा समाजाला झालेला उपयोग.

दुकानाच्या मागं पडदा आहे आणि पडद्यामागं घर. तिथं खैरुनबी राहतात. त्या फक्रुभाईंच्या पत्नी. दुकानाच्या दर्शनी काचेत त्या दोघांच्या लग्नाचा मोठा फोटो लावलेला आहे. त्यात फक्रुभाई आहेत तसे आहेत, गव्हाळ. शेजारी एक दुधासारखी गोरी नवरी आहे. खैरुनबी शेंगदाण्याच्या सालासारख्या तांबूस सावळ्या. चेहरा ठसठशीत, गालावर लहानपणच्या देवीचे दोन व्रण, आणि हसल्या की डोळे आधी हसतात. मी बावड्यात आल्यावर कितीतरी दिवस मला ती नवरी म्हणजे फक्रुभाईंची पहिली, वारलेली बायको वाटायची. विचारलं नाही, हे नशीब.

आणखी एक गोष्ट. लग्नानंतरचा खैरुनबींचा एकही फोटो त्या घरात नव्हता. लेकीच्या, शबनमच्या, लग्नाच्या अल्बममध्येही त्या कुठं पाठमोऱ्या, कुठं पदराआड, कुठं नुसता बांगड्यांचा हात. फक्रुभाई कॅमेरा उचलायचे आणि ही बाई ताट उचलून आत जायची. "लाजती," असं फक्रुभाई सांगायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आम्ही रोज बघत होतो आणि कुणाला काही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी शबनम आणि जावई अल्ताफ यांनी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायचं ठरवलं आणि खैरुनबींना बरोबर न्यायचं ठरलं. त्यांचा आनंद मी पाहिलाय. आयुष्यात ही बाई मिरज आणि ज्योतिबाचा डोंगर यांच्यापलीकडं गेली नव्हती. गल्लीत घरोघरी जाऊन "मी मक्केला चाललोय" असं सांगून आल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा जाताना दारातून परत फिरल्या आणि "कुणाचं काय दुकलं असंल तर माफ करा" म्हणाल्या. तसं म्हणायची पद्धत असते, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

फक्रुभाई मात्र जाणार नव्हते. कारण ऐकण्यासारखं आहे. पासपोर्टसाठी सरकारी कचेरीत स्वतः जाऊन तिथल्या माणसाकडून फोटो काढून घ्यावा लागतो. "माझा फोटू दुसरा कोन काढणार?" असं म्हणून त्यांनी पासपोर्टच काढला नाही. हज, उमरा, जन्नत सगळं एका बाजूला आणि कारकुनाचा कॅमेरा एका बाजूला.

खैरुनबी शबनमबरोबर जाऊन पासपोर्ट करून आल्या. घरी आला तेव्हा फक्रुभाईंनी तो उघडला, नाकाला लावून बघितला आणि भर दुकानात म्हणाले, "ह्यो फोटू हाय व्हय? कोळशाच्या वखारीत काढलाय जणू! उजेड कुठाय ह्याच्यात?" खैरुनबींनी पासपोर्ट हातातून घेतला, पदराला पुसला आणि आत गेल्या. मी तिथं चहा पीत होतो. कप तसाच खाली ठेवला.

व्हिसासाठी टूरवाल्या फरहानला पांढऱ्या पडद्यावरचा नवा फोटो हवा होता. तो अर्थातच 'नूर'मध्येच निघणार. यावेळी पर्याय नव्हता, म्हणून खैरुनबी स्टुलावर बसल्या. फक्रुभाईंनी चारी दिवे लावले आणि मग कॉम्प्युटरपुढं बसून दोन तास काम केलं. माझ्या माहितीत त्यांनी एवढी मेहनत याआधी फक्त एका नगरसेविकेच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर घेतली होती. फोटो गेला आणि परत आला.

फक्रुभाई म्हणाले, "पडदा मळका दिसला असंल." पडदा आणखी पांढरा केला, आणि पडदा पांढरा झाला तर चेहरा मागं पडतो म्हणून चेहराही आणखी पांढरा केला. तोही फोटो परत आला.

मग एका सकाळी फरहान स्वतः स्टुडिओत आला. स्वभावानं गरीब पोरगा, पण त्या दिवशी घामाघूम झाला होता. "चाचा, ग्रुपमधल्या सगळ्यांचे व्हिसे झाल्यात. एकट्या चाचींचा ऱ्हायलाय. आज संध्याकाळपातुर गेला न्हाय तर त्यांचं तिकीट मला सोडायला लागंल. शबनम आनि अल्ताफभाई जातील, चाची न्हाईत." त्यानं मोबाईल पुढं केला. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ होती. फक्रुभाईंनी चष्मा चढवला, पण ओळ वाचली नाही. मोबाईल माझ्याकडं दिला.

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं. "पासपोर्टवरचा चेहरा आणि हा चेहरा जुळत नाही, असं लिहिलंय. मशीन म्हणतंय, ही बाई ती नव्हे."

"मशीनला काय कळतंय?" फक्रुभाई उसळले. "पासपोर्टचा फोटूच खोटा हाय!"

"चाचा, रागवू नगा," फरहान म्हणाला, "मी मोबाईलवर काढू का साधा?"

"माझ्या दुकानात? मोबाईलवर?"

तेवढ्यात पडदा सरकला. खैरुनबी बाहेर आल्या. त्या दोघांचं आपसातलं बोलणं एरवी घरातल्या दखनीत चालतं, पण भांडायचं असलं की ते मराठीवर येतात, शेजाऱ्यांना नीट कळावं म्हणून. त्या दिवशी खैरुनबी मराठीत बोलल्या.

"मशीन खरं बोलालंय," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा कोनतरी खरं बोलालंय ह्या दुकानात."

फक्रुभाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

खैरुनबी माझ्याकडं वळल्या. "सर, तुमी शिकलेलं मानूस. ऐका. माझ्या बाच्या गावात एक फोटूवाला हुता. त्यानं पेन्सिलीनं मला गोरी केली आनि तो फोटू ह्यांच्या अम्मांना दावला. अम्मांनी पसंत केला. निकाह झाला, मी ह्या दारात आलो, अम्मांनी तोंडावरचं फुलांचं जाळं उचललं आनि सगळ्या बायकांत म्हणाल्या, 'फोटोतली येगळी, आलेली येगळी.' मी पंधरा-सोळा वर्साची. मला वाटलं, ह्यो मानूस फोटूवाला हाय, ह्येला तर पेन्सिल कळती, ह्यो काय तरी बोलंल." त्यांनी काचेतल्या लग्नाच्या फोटोकडं बोट केलं. "तर ह्यांनी काय केलं? रातीत बसून त्या फोटूतल्या मला गोरी केली आनि सकाळी अम्मांना दावली. अम्मा गप्प झाल्या. हे खूश झाले. मला कोन इचारतंय?"

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत गेला. फरहान आपल्या चपलांकडं बघत होता.

"तुझ्यासाटनंच केलतं," फक्रुभाई हळू आवाजात म्हणाले. "अम्मा बोलायची बंद झाली का न्हाय?"

"झाली. पर अम्मांना पसंत पडली ती काचंतली बाई, मी न्हवं. तुमी आल्यागेल्याला सांगता, फोटो म्हंजे उजेड. लई ऐकलंय मी पडद्याआडनं. एवढ्या वर्सांत तुमच्या उजेडात मी कवा दिसलोच न्हाई. मला मक्केला जायचंय. अल्लाच्या दारात तरी मला माझ्या तोंडानं जाऊ द्या."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी माझ्या ग्रीक भाषेची लाज वाटली. मी दिलेला शब्द त्यांनी कुठं कुठं वापरला होता, हे मी इतकी वर्षं हसत ऐकत आलो होतो.

खैरुनबींनी स्वतःच स्टूल उचललं आणि दुकानाच्या दारात, रस्त्याच्या अंगाला ठेवलं. त्यावर बसल्या. "दिवे घालवा," म्हणाल्या. फक्रुभाईंनी एकेक करून चारी दिवे घालवले. फरहान आणि मी मागं पांढरी चादर धरून उभे राहिलो. सकाळचं साधं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर एका बाजूनं येत होतं. फक्रुभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि नुसतेच उभे राहिले. गिऱ्हाइकाला हनुवटी वर घ्या, खांदे सैल सोडा, इकडं बघा, असं सतरा वेळा सांगणारा माणूस, त्या दिवशी त्याला एक शब्द सुचला नाही. अखेर बाईच म्हणाली, "काढा की. चहा ठेवायचाय मला."

बटण दाबलं गेलं. कॉम्प्युटरवर फोटो आला. फक्रुभाईंचा हात सवयीनं माऊसकडं गेला. मागून आवाज आला, "हात लावू नगा." हात जिथल्या तिथं थांबला.

संध्याकाळी फरहानचा फोन आला की मशीननं ओळखलं.

फक्रुभाईंनी त्या फोटोची मोठी प्रत काढली. एका गिऱ्हाइकानं स्वतःहून "चाचा, फोटो म्हंजे उजेड न्हवं का?" असं विचारलं, तर "आठ कॉपी का बारा?" एवढंच म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दर्शनी काचेतला लग्नाचा फोटो उतरवला आणि नवी फ्रेम तिथं लावायला घेतली. मला मुद्दाम बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून असेल, किंवा आधार म्हणून.

खैरुनबी बॅगेला दोरी बांधत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यो कशापायी काढलासा? लावा परत."

"आगं, ह्यो खरा फोटू हाय."

"म्हणूनच. काचंत ती बाईच बरी दिसती. तुमच्या अम्मांनी पसंत केलेली हाय. ऱ्हाऊ दे तिला दुकानात." मग दोरीची गाठ दातानं ओढून म्हणाल्या, "माझा फोटू घरात लावा. आन् बघत जावा."

फक्रुभाईंनी मुकाट्यानं गोरी नवरी परत काचेत लावली. आजही ती तिथंच आहे. तिच्यामुळं धंदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अक्काही सईचा आणखी एक फोटो घेऊन आल्या होत्या. पहिल्या फोटोवर आलेलं स्थळ सईला बघून परत गेलं, म्हणून आता 'थोडासाच' उजेड टाकायचा होता. फक्रुभाई म्हणाले, "अक्का, असाच दिऊ का?" अक्का पलीकडच्या दुकानात गेल्या. तिथला पोरगा मोबाईलवर, फुकटात आणि चुटकीसरशी उजेड टाकतो. फक्रुभाईंना ग्रीक येत असल्याचा त्यांना काहीच फायदा झाला नाही.

बस सुटताना स्टँडवर आम्ही सगळे होतो. खैरुनबींनी खिडकीतून हात हलवला. फक्रुभाईंच्या गळ्यात कॅमेरा होता, पण त्यांनी तो उचलला नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी स्टुडिओत बसलो होतो, तेव्हा शबनमचा व्हिडिओ कॉल आला. फक्रुभाईंनी मोबाईल डिंकाच्या बाटलीला टेकवून काउंटरवर उभा केला. शबनमनं फोन आईकडं दिला. खैरुनबी कुठल्याशा खोलीत बसल्या होत्या. पाठीमागं मोठी झगझगीत खिडकी होती, आणि त्यामुळं पांढऱ्या ओढणीच्या आत चेहरा सगळा काळोखा झाला होता. नाक-डोळे ओळखू येत नव्हते. असा फोटो कुणी आणून दाखवला असता, तर फक्रुभाईंनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

"दिसतोय का मी?" खैरुनबींनी मोठ्यानं विचारलं.

"खिडकीकडनं फिर," फक्रुभाई सवयीनं म्हणाले, "उजेडाकडं तोंड..."

आणि थांबले. मोबाईल दोन्ही हातांनी उचलून त्यांनी डोळ्यांजवळ धरला. त्या दिवशीचं स्टूल तेव्हापासून दारातच असायचं. ते त्यावर जाऊन बसले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बस तशीच. दिसतीस."